क्लासिक ५०० चा बेंड पाइप: आधी आरपीएम ठरवा, मग पाइप घ्या

भाऊ, रॉयल एनफिल्ड क्लासिक ५०० ला दोन इंची स्टेनलेसचा बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची नळी) नागपुरातच बनवून घ्यायचा आणि त्याने पिकअप वाढेल का, असं तुम्ही विचारलंय. पाइप नागपुरात उत्तम बनेल. पण दोन इंची नको, त्याने खालच्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) गाडी ढिली पडेल.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून पळते. गरम गॅसमध्ये तिचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या वर असतो. पाइप संपून सायलेन्सरची मोकळी जागा लागली की ती कमी दाबाची लाट होऊन मागे फिरते. नेमक्या वेळी व्हॉल्व्हवर पोचली, तर सिलिंडरमध्ये उरलेला जळका गॅस ओढून काढते. ही वेळ एका ठरावीक आरपीएमलाच नीट जुळते, म्हणून लांबी आरपीएमवरून काढायची.

ट्यूनिंगवाल्यांचं जुनं सूत्र आहे: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात खाली असतो ती जागा) जितके अंश आधी उघडतो त्यात १८० मिळवा, ८५० ने गुणा, आरपीएमने भागा, ३ वजा करा. उत्तर इंचात. व्हॉल्व्ह ६० अंश आधी उघडतो असं धरलं, तर ५००० आरपीएमसाठी जवळपास ३८ इंच येतात, ७००० साठी फक्त २६. तुमचं इंजिन २७.२ बीएचपी देतं ५२५० ला आणि टॉर्क ४००० लाच शिखरावर असतो. म्हणजे ७००० चा आखूड पाइप तुमच्या कामाचा नाही. कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) खरे आकडे मिळवून हिशोब पुन्हा करा. हे सूत्र फक्त सुरुवात करून देतं.

याच पद्धतीच्या दुसऱ्या सूत्राने आतला व्यास सुमारे ३७ मिमी येतो. बाजारात १.२ मिमी जाडीचा १ ५/८ इंची पाइप घेतला तर आतून ३९ मिमीच्या आसपास मिळतो, तो चालेल. दोन इंचीत आतलं क्षेत्रफळ याच्या दीडपटीहून जास्त होतं, गॅसचा वेग पडतो आणि ओढ जाते. वर्धा रोडवर सरळ पळताना कदाचित कळणार नाही, पण इतवारीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर लगेच जाणवेल.

धातू ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. पण एक लक्षात ठेवा, हा धातू गरम झाल्यावर माइल्ड स्टीलपेक्षा जास्त वाढतो. मीटरभर पाइप ५०० अंशांनी तापला तर ८ मिमीच्या वर लांबतो. दोन्ही टोकं घट्ट जखडली तर वेल्डजवळ तडा जाणारच. म्हणून सायलेन्सरकडे स्लिप जॉइंट (एकात एक सरकणारा जोड) आणि स्प्रिंग ठेवा. गॅल्वनाइज्ड पाइप स्वस्त मिळाला तरी हात लावू नका, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो.

वेल्डिंग आर्गनचंच (टिग) करा, फिलर (भरणीची तार) ३०८एल. आणि पाइपाच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा. इथेच बहुतेक जण कंजुषी करतात. आतून गॅस नसेल तर जोडाच्या पोटात धातू जळून साखरेसारखी काळी, खडबडीत खरड धरते. ती गॅसला अडवते आणि तडाही तिथूनच सुरू होतो. हिंगणा एमआयडीसीत फूड आणि फार्माची स्टेनलेस लाइन जोडणारा कारागीर शोधा. सायलेन्सरच्या दुकानापेक्षा त्याला हे जास्त कळतं. बेंड मॅन्ड्रेलवर (वाकवताना पाइपात घालायचा आधार) काढलेले तयार घ्या. साध्या बेंडरवर वळणात पाइप चपटा होतो आणि व्यासाचा सगळा हिशोब वाया जातो.

फ्लँज (पाइप इंजिनला बोल्टने धरणारी चकती) लेथवर जाड पट्टीतून काढून घ्या आणि आधी इंजिनला बोल्ट करा. मग पाइप गाडीवरच टॅक (छोटे ठिपक्यांचे वेल्ड) मारून बसवा. पूर्ण वेल्ड टेबलावर करायचा, पण फ्लँज जाड प्लेटला आवळून, नाहीतर उष्णतेने तो वाकतो आणि गॅस्केट धरत नाही. पाइपाचं तोंड इंजिनच्या एक्झॉस्ट पोर्टपेक्षा (गॅस बाहेर पडायचं भोक) लहान नको.

ऑक्सिजन सेन्सरचा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची बुच) जुन्या पाइपाइतक्याच अंतरावर लावा. आटे जुन्यावरून मोजून घ्या. सेन्सर पाइपाच्या खालच्या बाजूला येऊ देऊ नका, पाणी साचून तो मरतो. त्याच्या आधी कुठे गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनचा कॉम्प्युटर) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, वाटतं आणि तो उगाच पेट्रोल वाढवतो. थ्रॉटल सोडल्यावर फटफट वाजायला लागली, तर मॅपिंगच्या (ईसीयूतल्या पेट्रोलच्या सेटिंगच्या) मागे लागण्याआधी फ्लँज तपासा.

सायलेन्सर कंपनीचाच ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजासाठी चलान होतं, आणि वरच्या हिशोबात मोकळ्या सायलेन्सरची गरजच नाही. कॅमचे आकडे मिळाले की इथे टाका, लांबी सोबत बसून काढू.