वाचकांचे प्रश्न : मिसिसिपीच्या काठाने

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे मुलीकडे मिनिॲपोलिसला जात आहोत. मिसिसिपीकाठच्या ‘ग्रेट रिव्हर रोड’ची सफर दोन दिवसांत होईल का?

उत्तर : संपूर्ण सफर होणार नाही. दहा राज्यांतून नदीच्या दोन्ही काठांनी जाणाऱ्या अनेक रस्त्यांची ती साखळी असून, जहाजाच्या सुकाणूचक्राचे चित्र असलेल्या हिरव्या-पांढऱ्या पाट्या वाट दाखवतात. आपण रेड विंग ते ला क्रॉस एवढाच टप्पा निवडावा. जाताना मिनेसोटाच्या बाजूचा ६१ क्रमांकाचा महामार्ग घ्यावा आणि परतताना विस्कॉन्सिनमधला ३५ क्रमांकाचा, जो आमच्या मते अधिक देखणा आहे. वाटेतले लेक पेपिन हे नदीचेच रुंदावलेले पात्र आहे, कारण चिपेवा नदीने आणून टाकलेल्या वाळूने तिथे प्रवाह तुंबला आहे. विस्कॉन्सिनच्या बाजूच्या आल्मा गावी मात्र तासभर अवश्य थांबावे. तिथल्या बंधाऱ्यालगतच्या जलपाशात (पाण्याची पातळी चढवून-उतरवून बोटींना बंधारा ओलांडू देणाऱ्या दारबंद हौदात) एकमेकांना बांधलेल्या पंधरा मालवाहू तराफ्यांचा तांडा एका वेळी मावत नाही, म्हणून तो मधोमध सुटा करून दोन खेपांत उतरवतात. दोर सोडणारे खलाशी तिथल्या प्रेक्षक-सज्ज्यावरून स्पष्ट दिसतात. पानांचे रंग साधारणतः महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात भरात असतात, त्यामुळे गर्दीचा शनिवार-रविवार टाळलेला बरा.