डोळे पिवळे, पण कावीळ नव्हे?

प्रश्न : आईला मायट्रलची (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) कृत्रिम झडप बसवली आहे. हल्ली धाप लागते, डोळे पिवळसर, लघवी कोऱ्या चहासारखी. शेजारच्या काकू काविळीचा काढा द्या म्हणतात. देऊ का?

उत्तर : काढा अजिबात नको, वॉरफरिन (रक्त गोठू नये म्हणून दिलेलं औषध) चालू असेल तर त्याचा परिणाम बिघडू शकतो. झडपेच्या कडेला फट पडली की त्यातून रक्त जोरात उलटं उसळतं आणि तांबड्या पेशी फुटतात; डोळे पिवळे, लघवी गडद आणि धाप त्यामुळेच असू शकते. एरवी त्या सुमारे १२० दिवस जगतात. रक्ततपासणीत एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं द्रव्य) वाढलेलं आणि हॅप्टोग्लोबिन (फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन पकडणारं प्रथिन) घटलेलं दिसलं की माझा संशय बळावतो. मग अन्ननलिकेतून इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतो, कारण छातीवरून केलेल्या इकोत मायट्रलची गळती झडपेच्या सावलीत लपते. फुटलेल्या पेशींतलं लोह लघवीवाटे जातं, तेही भरून काढावं लागतं. वॉरफरिन स्वतःहून थांबवू नका. आईंना उद्याच हृदयतज्ज्ञांकडे न्या.