फ्लूनंतर इकोस्प्रिन चालू करायची का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही मानेवाड्याला राहतो. माझ्या बाबांना, वय 64, फ्लूमधून न्यूमोनिया झाला होता, अ‍ॅडमिट होते, तिथे रोज पोटावर रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायचे. आता घरी आलेत, ताप नाही, पण डी-डायमर (गुठळीसाठी करतात ती रक्ताची तपासणी) जास्त आलाय आणि शेजारचे काका रोज सांगून राहिले की इकोस्प्रिन चालू करा, कोविडमध्ये सगळेच घेत होते. द्यायची का?

उत्तर: मनाने देऊ नका. काकांची काळजी खरी आहे बरं का, व्हायरस फुफ्फुसात शिरला की सूज येते, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, रक्त गोठायची प्रक्रिया जोर धरते आणि त्यात माणूस दिवस दिवस पलंगावर पडून, पाणीही कमी पितो, मग पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. कोविडमध्ये हे फार दिसलं, फ्लूमध्येही होतं. ते पोटावरचं इंजेक्शन बहुतेक हेपॅरिनचं असणार, त्यासाठीच.

पण इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, हेपॅरिनची जागा ती घेत नाही. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये 2021 मध्ये कोविडच्या जवळपास 15,000 अ‍ॅडमिट पेशंटवर हे तपासलं, अ‍ॅस्पिरिनने मृत्यू कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र थोडा वाढला. आणि आपल्या नागपुरात पावसाळ्यात डेंग्यू असतोच, पुन्हा ताप आला आणि तो डेंग्यू निघाला तर पोटात अ‍ॅस्पिरिन असणं धोक्याचं, रक्तस्राव वाढू शकतो. (हार्टसाठी आधीपासून चालू असेल तर विचारल्याशिवाय बंदही करू नका.)

डी-डायमरचं म्हणाल तर तो कुठल्याही इन्फेक्शनमध्ये वाढतो, वयानेही वाढतो, नुसत्या त्या आकड्यावर गुठळी आहे असं कोणी ठरवत नाही. मला रिपोर्टपेक्षा बाबांचे पाय जास्त महत्त्वाचे वाटतात. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, ते डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) करतील. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं किंवा चक्कर येऊन पडले तर गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते, सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा, मेडिकल किंवा मेयो, या दोन सरकारी हॉस्पिटलांपैकी जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत न्या. गुठळी निघालीच तर औषध साधारण तीन महिने तरी चालतं, ते इकोस्प्रिनपेक्षा वेगळं असतं.

तोवर त्यांना घरातल्या घरात चालवा, पाणी प्यायला लावा, आणि डिस्चार्ज कार्डवर रक्त पातळ करायची गोळी लिहिलीय का ते आजच बघा, लिहिली असेल तर किती दिवस ते तिथल्याच डॉक्टरांना विचारून घ्या.