येलच्या आर्ट गॅलरीत पहिल्यांदा जाताना
न्यू हेवनला आलीच आहेस तर येल विद्यापीठाची आर्ट गॅलरी चुकवू नकोस. तिकीट नाही, त्यामुळे एका दिवसात सगळं उरकायची घाई करू नकोस, पुन्हा जाता येतं. सोमवारी मात्र बंद असते. पहिल्या खेपेला फक्त व्हॅन गॉगचं १८८८ सालचं ‘नाइट कॅफे’ हे चित्र बघ. आधी लांबून त्यातल्या लाल भिंती, हिरवं छत. मग जवळ जाऊन दिव्यांभोवतीचे रंगाचे जाड फटकारे. पंधरा मिनिटं तरी तिथून हलू नकोस. मला अजूनही ते दिवे सोडवत नाहीत. आणि मान वर करून गॅलरीचं काँक्रीटचं त्रिकोणी जाळीचं छतही बघ. १९५३ ची ही इमारत वास्तुविशारद लुई कान यांची, ज्यांनी आपल्या अहमदाबादचं आयआयएम उभारलं.