१८७१ मध्ये शिकागोची आग लागली नसती, तर बेसबॉलचे पहिले व्यावसायिक विजेतेपद शिकागोला मिळाले असते का?

मिळण्याची शक्यता बरीच होती, पण खात्रीने तसे म्हणता येत नाही. नॅशनल असोसिएशन या अमेरिकेतील पहिल्या व्यावसायिक बेसबॉल लीगच्या त्या पहिल्या हंगामाच्या आजच्या नोंदींत फिलाडेल्फियाच्या अ‍ॅथलेटिक्सचे २१ विजय व ७ पराभव आहेत, तर शिकागो व्हाइट स्टॉकिंग्जचे १९ विजय व ९ पराभव; म्हणजे ३० ऑक्टोबरला ब्रुकलिनमध्ये या दोघांत झालेल्या निर्णायक सामन्याचा निकाल उलटा लागला असता, तर दोघांची आकडेवारी २०-८ अशी सारखीच झाली असती. तो सामना शिकागोने ४-१ असा गमावला, आणि तोही ऑक्टोबरच्या आगीत मैदान, गणवेश व साहित्य जळून गेल्यानंतर, उसन्या कपड्यांत, घरच्या प्रेक्षकांपासून दूर खेळून. त्या खेळाडूंची जिद्द मला विजेत्यांइतकीच मोलाची वाटते. मात्र कल्पनेतला हंगाम रचताना केवळ आग वगळणे अपुरे ठरते, कारण २० विजय व १० पराभवांसह बोस्टनही शर्यतीत होता आणि त्याचा प्रमुख खेळाडू जॉर्ज राइट दुखापतीमुळे जवळपास निम्मे सामने खेळू शकला नव्हता. पुढची चारही विजेतेपदे बोस्टननेच जिंकली.