शब्द काढले तर ग्रेटफुल डेडच्या गाण्यांत काय उरतं?

तुम्ही विचारलंय की रॉबर्ट हंटरची गीतं आणि गायक-गिटारवादक जेरी गार्सियाचा आवाज बाजूला ठेवून ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडची गाणी नुसती वाद्यांवर वाजवण्यात काय अर्थ आहे, आणि ती तशी वाजवणाऱ्या 'जॅझ इज डेड' या बँडपासून सुरुवात करावी का. अर्थ आहे, आणि सुरुवात तिथूनच करा. फक्त प्रत्येक गाणं आधी मूळ रूपात ऐका, चाल तोंडात बसेपर्यंत. बंदिश माहीत नसताना गायकी अंगाची सतार गोड लागतेच, पण वादक कुठल्या शब्दावर रेंगाळला आणि कुठला गाळून पुढे गेला, ते कळत नाही. इथेही तसंच आहे.

डेडच्या गाण्यांत मुळातच मोकळी जागा खूप आहे. 'डार्क स्टार' 1968 साली सिंगल म्हणून निघालं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं. 1969 च्या 'लाइव्ह/डेड' या अल्बममध्ये तेच गाणं 23 मिनिटं चालतं आणि त्यात गायलेल्या ओळी मोजक्याच आहेत. बाकी सगळी एकमेकांचं ऐकत केलेली बढत. जॅझच्या वादकांना या बँडची ओढ वाटली ती यामुळेच. एप्रिल 1970 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट या सभागृहात डेडच्या आधी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा बँड वाजवत होता. त्यातल्या 10 तारखेचं वादन पुढे 'ब्लॅक ब्यूटी' म्हणून प्रसिद्ध झालं. 29 मार्च 1990 ला जॅझवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस सॅक्सोफोन घेऊन डेडसोबत उभा राहिला. त्या रात्रीचं 'आइज ऑफ द वर्ल्ड' जरूर मिळवून ऐका.

विषम मात्रांची आवड हेही एक कारण. 'द इलेव्हन' नावाप्रमाणे अकरा मात्रांत आहे, 'एस्टिमेटेड प्रॉफेट' सातात. ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखांकडे शिकला होता आणि मुंबईच्या झाकीर हुसेनसोबत त्याने 1976 मध्ये 'डिगा' हा अल्बमही केला. त्यामुळे आपल्याकडच्या कानांना या बँडचा हिशेब परका वाटत नाही.

आता 'जॅझ इज डेड'. पहिल्या फळीत ड्रम्सवर महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा बिली कोबहॅम, बास गिटारवर वेदर रिपोर्ट या तशाच बँडमध्ये वाजवलेला अल्फान्सो जॉन्सन, कीबोर्डवर डिक्सी ड्रेग्ज बँडचा टी लॅव्हिट्झ आणि गिटारवर जिमी हेरिंग. त्यांचा 'ब्लू लाइट रेन' हा अल्बम 1998 मध्ये आला. त्यातलं 'हेल्प ऑन द वे', 'स्लिपनॉट!' आणि 'फ्रँकलिन्स टॉवर' हे सलग त्रिकूट पहिल्यांदा ऐका. मधलं 'स्लिपनॉट!' मुळातही शब्दांविनाच आहे, म्हणून तुलना सरळ होते. डेडचे लोक ते वळणं चाचपत, थोडं अडखळत वाजवतात आणि त्यात एक थरार असतो. हे चौघे तीच वळणं स्वच्छ आणि वेगात घेतात. अवघड जागा पार झाली की 'फ्रँकलिन्स टॉवर'च्या साध्या स्वरावली येतात, आणि तिथे हेरिंग गार्सियाची नक्कल करत नाही हे मला फार मोलाचं वाटतं. गार्सिया वाक्य अर्धवट सोडून थांबायचा. हेरिंगची वाक्यं लांब असतात, पण चालीचा धागा सुटत नाही.

मात्र कोबहॅमचा हात वजनदार आहे. डेडकडे बहुतेक काळ दोन ड्रमर होते, त्यांचा ठेका सैल आणि हलता. 'स्कार्लेट बिगोनियाज'सारख्या गाण्याला तीच सैल चाल शोभते, आणि ती इथे घट्ट आवळल्यासारखी होते.

म्हणून मला याच बँडचा 1999 चा 'लाफिंग वॉटर' जास्त जवळचा. हा अख्खा अल्बम म्हणजे डेडच्या 1973 च्या 'वेक ऑफ द फ्लड'ची नवी मांडणी आहे. ड्रम्सवर रॉड मॉर्गनस्टीन आणि जेफ साइप असे दोघे आहेत, आणि व्हायोलिन वाजवायला व्हासार क्लेमेंट्स आलाय, जो मूळ अल्बमवरही होता. त्यातल्या 'वेदर रिपोर्ट स्वीट' या डेडच्या रचनेसाठी (वर आलेल्या बँडशी संबंध नाही) तरी हा घ्याच, कारण त्या रचनेत एकामागून एक दालनं उघडत जातात आणि वाद्यांना तिथे भरपूर काम आहे. 'स्टेला ब्लू'बाबत मात्र तुमची शंका रास्त आहे. त्या गाण्याचा जीव गार्सियाच्या थकलेल्या आवाजात आणि हंटरच्या ओळींत आहे. वाद्यांवर ते सुंदर ऐकू येतं, पण एवढं दुखत नाही.

शोधताना एक लक्षात ठेवा. 'जॅझ इज डेड' याच नावाचं लॉस एंजेलिसचं एक अलीकडचं रेकॉर्ड लेबल आहे, त्याचा या बँडशी संबंध नाही.

गिटारचा कंटाळा आला तर सॅक्सोफोनवादक डेव्हिड मरेच्या ऑक्टेटचा, म्हणजे आठ जणांच्या बँडचा, 1996 चा 'डार्क स्टार' लावा. तिथे तीच सात मात्रांची 'एस्टिमेटेड प्रॉफेट' फुंकवाद्यांवर येते, आणि चाल गिटारपेक्षा किती वेगळा श्वास घेते ते पहिल्या मिनिटात कळतं.