कॉन्व्हेंटला घातलंय, पोरगी आपली राहील ना?

"मॅडम, पोरगी झोपताना येशूला कायतरी म्हणती. आमच्या आईनं ऐकलंय. शाळा बदलू काय ओ?"

असं विचारत माझ्याकडे सल्ल्याला आलेले वडील सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात कामाला. मुलीची आई विड्या वळते आणि त्यातून तिची फी भरते. मुलगी नववीत. (ओळख लपावी म्हणून तपशील बदलले आहेत.) कॅथलिक शाळेत मूल घालणाऱ्या बऱ्याच हिंदू घरांत ही धाकधूक असते. तिला हसण्यात अर्थ नाही.

मी मुलीशी एकटीशी बोलले. बराच वेळ ती ओढणीशी चाळा करत बसली, मग म्हणाली, "मैत्रिणीचं लग्न ठरवलं होतं घरच्यांनी. मी तिच्यासाठी मागत होते." घरी का नाही सांगितलं? "पप्पा म्हणाले असते, दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचं." शाळेत मात्र सांगितलं होतं. मूल्यशिक्षणाच्या तासाला सिस्टरांनी मुलीच्या लग्नाला कायद्यानं १८ वर्षं पुरी लागतात हे समजावून १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे अडचणीतल्या मुलांच्या मदतीचा, नंबर वहीत लिहून घेतला होता, म्हणून तिला धीर झाला. सिस्टर त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन आल्या. घरचे ऐकेनात, तेव्हा त्यांनी तो नंबर फिरवला. लग्न थांबलं.

मुलीला विचारूनच मी हे वडिलांच्या कानावर घातलं. ते गप्प झाले; मग म्हणाले, "ते चांगलंच केलं की. पण प्रार्थनेचं काय?"

प्रश्न रास्त होता. संविधानाचं कलम २८(३) सांगतं की, सरकारमान्य शाळेतल्या अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. खुद्द कॅथलिक चर्चचीही भूमिका वेगळी नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावरचा जाहीरनामा मंजूर केला, त्याच दिवशी इतर धर्मांचा आदर राखण्याविषयीचाही. २०२४ मध्ये भारतातल्या बिशपांच्या परिषदेनं आपल्या शाळांना कळवलं की ख्रिस्ती परंपरा इतर मुलांवर लादू नका, परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका म्हणून घ्या. कुठे लादलं जात असेल तर पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी द्यावं, त्यात भिण्यासारखं काही नाही.

पण शाळा निवडताना माझ्या लेखी जास्त वजन दुसऱ्या प्रश्नाला आहे: मुलगी अडचणीत आली तर तिथे कोण उठून उभं राहतं? इथे उत्तर मिळालं होतं. नववीच्या मध्यात तिला तिथून काढणं म्हणजे ज्या एका जागी ती मोकळी बोलली, तीच बंद करणं. आणि घरी? प्रार्थनेवरून रागावण्याआधी तिला विचारा, कुणासाठी मागतेस. तिला काय टोचतंय ते तिथूनच कळतं.

वडील शाळेत जाऊन भेटले. परिपाठाला सगळ्यांबरोबर थांबायचं, चॅपेलमध्ये जायचं नाही, असं लिहून दिलं. ही विभागणी मुलीनंच सुचवली होती आणि सिस्टरांनी लगेच मानली. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांची मिरवणूक बघायला मैत्रिणीलाही न्यायचं, ही तिची अट वडिलांनी कबूल केली.

आजींचा राग अजून गेलेला नाही. पुढच्या भेटीला मी त्यांनाच बोलावलं आहे.